मुरकुटाला नाव ठेवायला लागलेली चार वर्षं

गेल्या आठवड्यात मुरकुटांच्या, म्हणजे गोठ्यातल्या बारीक चावऱ्या माश्यांच्या, एका नव्या प्रजातीवरच्या पेपरचं, शोधनिबंधाचं, शेवटचं प्रूफ तपासून परत पाठवलं. छापून येईल तेव्हा येईल, माझ्या हातातलं काम संपलं. या चार वर्षांत राहून राहून वाटायचं की हे सगळं आधी करून बसलेलं कुणीतरी हवं होतं, ज्याला फोन करून "आता पुढे काय?" एवढंच विचारता आलं असतं. म्हणून हे लिहून ठेवतेय.

नवी प्रजाती सापडल्याची बातमी वाचली की डोळ्यांपुढे जंगल येतं, विजेरी येते, कुणीतरी दगड उलटतं. मला सापडली ती आत्याच्या गोठ्यात. सापडायला एक रात्र लागली आणि ती नवी आहे हे दाखवायला उरलेली चार वर्षं.

तिचं नाव मात्र इथे सांगणार नाही. वर्णन छापून यायच्या आधी नाव फिरायला लागलं तर शास्त्रात त्याला "नोमेन नुडम" म्हणतात, म्हणजे सरळ मराठीत नागडं नाव. अंगावर वर्णनाचं कापड नसलेलं. अशी नागडी नावं पुढच्यांना फार त्रास देतात, मलाही दिलाय. आणखी एक खुलासा: परिभाषा कोशाप्रमाणे स्पीशीज म्हणजे जाती आणि जीनस म्हणजे प्रजाती. वर्गात मी तसंच शिकवते. पण बोलताना सगळे स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात, तेव्हा इथे तसंच चालू दे.

तर, मुरकुटं. काही ठिकाणी चिलटं म्हणतात, पण चिलट हा शब्द सगळ्याच बारीक माश्यांना लावतात. मी म्हणते ती रक्त पिणारी, एक ते तीन मिलिमीटरची, संध्याकाळी गोठ्यात पाऊल टाकलं की घोट्याला आग लावणारी. शास्त्रीय नाव क्युलिकॉइडिस. जगात याच्या १३००हून जास्त प्रजाती आहेत. त्यातल्या मोजक्याच रोग पसरवतात, पण त्या मोजक्या महागात पडतात. मेंढ्यांना होणारा ब्लूटंग हा त्यांच्यामुळे पसरतो आणि भारतात त्याची पहिली नोंद १९६४ साली महाराष्ट्रातच झाली. म्हणजे आपल्याला चावतंय ते नेमकं कोण, हा प्रश्न अगदीच रिकामटेकडा नाही. मला मात्र तेव्हा एवढं काही सुचलं नव्हतं. मी तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवत होते, कॉलेज ऑनलाइन होतं, आणि कुडाळजवळच्या आमच्या गावात बसून कंटाळले होते.

१६ मे २०२१ला तौक्ते वादळ किनाऱ्यालगत वर गेलं. आमच्या परसातली केळ सगळी आडवी झाली. वीज कितीतरी दिवस नव्हती. पडलेली केळ उचलायला माणसं मिळेनात, मग पाऊस सुरू झाला आणि ती तिथेच कुजली. त्या पावसात गोठ्यात मुरकुटं इतकी झाली की म्हैस दूध काढू देईना. आत्या दोन्ही वेळ धूर करायची.

मला त्यांना पकडून बघावंसं वाटलं. बाजारात यासाठी तयार प्रकाश-सापळे मिळतात, पण त्यांच्या किमती बघून लॅपटॉप मिटला. जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा, जांभळ्या अतिनील एलईडीची पट्टी, स्कूटरच्या दुकानातून आणलेली बॅटरी आणि पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग, असं मिळून २१५० रुपयांत काम झालं. त्यातली निम्मी किंमत बॅटरीची. खरी अडचण पतंगांची. प्रकाशाला मोठे पतंग येतात, पंख्यात सापडून चुरा होतात आणि त्यांचे खवले सगळ्या नमुन्यांवर बसतात. म्हणून सापळ्याभोवती मच्छरदाणीचं कापड गुंडाळलं. मुरकुटं मच्छरदाणीतून आरपार येतात हे कोकणात कुणाला सांगायला नको. इतकी वर्षं ज्याने झोप घालवली तेच इथे उपयोगी पडलं.

८ ऑगस्ट २०२१च्या रात्री सापळा लावला. दिव्यांची अवस होती. मुद्दाम निवडली नव्हती, पण अमावास्याच चांगली. पौर्णिमेच्या आसपास चंद्राचाच उजेड इतका असतो की सापळ्यात फारसं काही येत नाही. आत्या दारात उभी राहून म्हणाली, "काय गो, आता मुरकुटां धरूक लागलंस? पगार कोण देता?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर होतं.

सकाळी बाटलीच्या तळाशी तपकिरी गाळ. भिंगाखाली धरला तर गाळ म्हणजे सहाशेच्या वर मुरकुटं.

आता सूक्ष्मदर्शक. कॉलेजातला स्टिरिओ मायक्रोस्कोप प्रयोगशाळेत कपाटात बंद. तो घरी न्यायचा तर अर्ज, विभागप्रमुखांची शिफारस, प्राचार्यांची सही आणि डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद. तासिका तत्त्वावरच्या माणसाच्या नावावर डेड स्टॉक देता येत नाही, असं ऑफिसात सांगितलं. मग तो आमच्या कायम सेवेतल्या मॅडमच्या नावावर घेतला आणि मॅडमनी मला दिला. पुढची चार वर्षं त्या मायक्रोस्कोपच्या मालक कागदावर मॅडम होत्या. तुम्ही कंत्राटी असाल तर असा एक कायम सेवेतला माणूस पहिल्या दिवशीच शोधून ठेवा, तो संशोधनातल्या कुठल्याही उपकरणापेक्षा मोलाचा आहे.

परवानगीचा एक मुद्दा इथेच सांगते. आमचा गोठा खाजगी जागेत, म्हणून वनखात्याकडे जावं लागलं नाही. हेच अभयारण्यात करायचं तर नागपूरला वन्यजीव विभागाकडे अर्ज करावा लागतो आणि तो काम सुरू करायच्या आधी, नंतर नाही. पेपर पाठवताना परवानगीचा क्रमांक विचारतात.

चिनी मातीच्या बशीत अल्कोहोल घेऊन, शून्य नंबरच्या ब्रशने एकेक मुरकूट बाजूला करत बसले. पहिले काही दिवस सगळी सारखी दिसली. मग पंख दिसायला लागले. क्युलिकॉइडिसच्या पंखांवर करडे आणि फिकट ठिपके असतात आणि बहुतेक प्रजाती निम्म्याअधिक त्या नक्षीवरून ओळखतात. पंख मिलिमीटरभर, पण खालून उजेड सोडला की एखाद्या जुन्या चिटाच्या कापडाचा तुकडा ठेवल्यासारखा. काही माद्यांचं पोट आतून कोकमाच्या आगळासारखं लालसर दिसायचं. ते रक्त नव्हे. ज्या मादीने एकदा रक्त पिऊन अंडी घातलीत तिच्या पोटात हा रंग उरतो. एवढ्याशा जिवाचा पूर्वेतिहास असा बाहेरून वाचता येतो हे कळलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि सांगायला कुणी जागं नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये स्लाइड करायला घेतल्या. ओळख पक्की करायची तर मुरकुटाचे तुकडे करावे लागतात: पंख वेगळे, डोकं वेगळं, छाती आणि पाय, मग पोट. प्रत्येक तुकड्यावर कव्हरस्लिपचा वेगळा कपटा. १९६८मध्ये वर्थ आणि मार्स्टन यांनी दिलेली फिनॉल आणि कॅनडा बाल्सम (झाडाचा पारदर्शक डिंक) यांची पद्धत आजही वापरतात. फिनॉल हातमोजे घालूनच हाताळा. माझ्या तर्जनीच्या टोकाला पांढरा चट्टा पडला, दुखलं मात्र नाही, आणि न दुखणं हाच त्यातला धोका आहे. बाल्सम आपल्याकडच्या हवेत वाळता वाळत नाही. मी पहिल्या बारा स्लाइड पेटीत उभ्या ठेवल्या. पंधरा दिवसांनी बघते तर डोकी घसरून पोटापाशी आलेली. नंतर पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात चाळीसचा बल्ब लावून त्यात स्लाइड आडव्या ठेवायला लागले, महिना महिना.

डिसेंबर २०२१मध्ये मला "नवी प्रजाती" मिळाली. पंखावरचे ठिपके कुठल्याच चित्राशी जुळेनात. पुण्यातल्या एका सरांना, जे पुढे माझे सहलेखक झाले, उत्साहाने फोटो पाठवले. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं: ही ऑक्सिस्टोमा आहे, पंख अल्कोहोलमध्ये राहून फिके पडलेत, आणखी दहा बघा. बघितल्या. ऑक्सिस्टोमाच होती. किफर नावाच्या अभ्यासकाने १९१०मध्ये कलकत्त्याहून वर्णन केलेली, गोठ्या-गोठ्यात सापडणारी आणि पंखाच्या नक्षीत भरपूर फरक दाखवणारी. तोवर मी मनातल्या मनात नावसुद्धा ठरवलं होतं! कान धरले, आणि कुठल्याही प्रजातीची दहा माणसं भेटल्याशिवाय मत बनवायचं नाही असं ठरवलं.

खरी निघाली ती त्याच रात्रीच्या बाटलीतली, फक्त दोन माद्या. मी त्या "फाटके पंख" असं लिहून बाजूला ठेवल्या होत्या. मार्च २०२२मध्ये कंटाळून त्यांची स्लाइड केली. तोंडाजवळ पाल्प नावाचा जो बोटासारखा अवयव असतो त्याच्या तिसऱ्या पेरात एक खळगा असतो. या दोघींचा खळगा मोठा आणि उथळ होता आणि पंखावर जिथे फिकट ठिपका हवा तिथे सलग करडं होतं. यावेळी सरांना लगेच फोटो पाठवले नाहीत. तीन आठवडे स्वतःच पुस्तकांशी झगडले. मग पाठवले. उत्तर आलं, "हे काय आहे ते मला माहीत नाही." इतकं आनंददायक वाक्य मी आधी ऐकलं नव्हतं.

इथून सगळ्यात लांबचा टप्पा. आपल्याला माहीत नाही म्हणजे नवं, असं होत नाही. भारतात, श्रीलंकेत आणि आग्नेय आशियात आजवर वर्णन झालेल्या ज्या ज्या प्रजातीशी साम्य असू शकेल, ती ती का नाही, हे लिहून द्यावं लागतं. वर्थ आणि ह्युबर्ट यांचा आग्नेय आशियावरचा १९८९चा ग्रंथ हा मुख्य आधार. भारतासाठी सेन आणि दासगुप्ता यांचं १९५९चं काम. त्याच्या मागे किफर. हा फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरच्या लोरेनमधला पाद्री, तिथे बसून त्याने जगभरच्या बारीक माश्यांना नावं दिली, सोबत फ्रेंच किंवा जर्मनमधली, आजच्या मानाने अगदी त्रोटक वर्णनं. जुनं बरंचसं लेखन बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या साइटवर फुकट मिळतं. फ्रेंच मी मोबाइलवर भाषांतर करून वाचलं. "पाल्प" आणि "अँटेना" एवढे शब्द डोळ्यांना सवयीचे झाले की निम्मं कळतं. एक मोठा तक्ता केला, आडव्या ओळीत प्रजाती, उभ्या रकान्यांत लक्षणं. जी प्रजाती बाद होईल तिच्यावर रेघ. मे महिन्यात तासिका नसतात म्हणून पगारही नसतो, पण तक्त्याला वेळच वेळ होता. जूनअखेर चार नावं उरली.

त्या चारांपैकी दोघांची वर्णनं इतकी मोघम की मूळ नमुना, म्हणजे टाइप, डोळ्यांनी बघण्याला पर्याय नव्हता. तो पश्चिम बंगालमधल्या एका संग्रहात. मेल केली, आठवण केली, पुन्हा आठवण केली. पाच महिने गेले. शेवटी फोन केला तर पलीकडच्या बाईंनी पाच मिनिटांत तारीख दिली. मेल करत बसू नका, फोन करा, एवढंच यातून सांगते. जानेवारी २०२३मध्ये कोकणकन्येने मुंबई, तिथून गीतांजलीने हावडा, तीस-एक तास. जाऊन-येऊन, राहून ९४०० रुपये. दीड दिवस बसायला मिळालं. स्लाइडवरचा बाल्सम मधासारखा पिवळा झालेला, लेबलावरची शाई उडालेली, पण खळगा स्पष्ट दिसला: लहान आणि खोल. दोन्ही नावांवर रेघ मारली. परतीच्या गाडीत वरच्या बर्थवर पडून तो तक्ता चारदा वाचला.

आता उरली नराची बाब. दोन माद्यांवर वर्णन करता येतं, नियमात बसतं. पण मुरकुटांच्या पुष्कळ प्रजातींत खरा फरक नराच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या जननांगांत दिसतो, आणि नर रक्त पीत नाहीत म्हणून गोठ्याच्या सापळ्यात क्वचितच येतात. सरांनी स्पष्ट सांगितलं की नर नसेल तर छापण्याआधी पेपर तपासणारे परीक्षक घासतील. म्हणजे अळ्या कुठे वाढतात ते शोधायचं आणि घरी मुरकुटं उपजवायची. हा प्रयोग २०२२च्या पावसातही करून बघितला होता. गोठ्याच्या गटारीचा चिखल, जांभळीच्या ढोलीतलं पाणी, कुजलेले केळीचे गड्डे, असं सगळं काळं कापड गुंडाळलेल्या बरण्यांत भरून झाकणाला एक पारदर्शक कुपी लावायची. बाहेर पडलेलं मुरकूट उजेडाकडे कुपीत जातं. पहिल्या वर्षी चिखलाला बुरशी आली आणि केळीच्या बरण्या मुंग्यांनी एका रात्रीत साफ केल्या.

२०२३मध्ये आत्यानेच उपाय काढला. गूळ ठेवायच्या फळीखाली ती जशा पाण्याच्या वाट्या ठेवते तशा टेबलाच्या चारी पायांखाली ठेवल्या. वाट्यांतल्या पाण्यात डास होऊ नयेत म्हणून थेंबभर खोबरेल. गड्ड्यांवर रोज पाणी शिंपडायचं, भिजवायचं नाही. ऑगस्ट संपला तरी काही नाही. दुसरीच मुरकुटं निघत होती, आणि फळमाश्या तर ढीगभर.

१७ सप्टेंबर, रविवार, चतुर्थीला दोन दिवस. घरात माटवी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची चौकट, बांधायची गडबड. आत्याला माटवीला केळीचा घड हवा होता आणि माझ्या बरण्यांसाठी परसातले गड्डे मी कधीच खणून आणले होते. "देवाक केळी नाय आणि तुझ्या किड्यांका गड्डे!" ती बडबडत गेली. मी सवयीने कुपी उजेडात धरली. आत एक मुरकूट, अँटेना झुबकेदार, म्हणजे नर. पंखावर जिथे ठिपका नसायला हवा तिथे नव्हता. मी कुपी हातात घेऊन माटवीखाली उभी राहिले आणि चुलतभावाने मला बाजूला सरकवून नारळ बांधला. पुढच्या नऊ दिवसांत त्याच बरणीतून आणखी चार नर आणि सहा माद्या निघाल्या. तौक्तेने केळ पाडली, ती कुजली, म्हणून २०२१मध्ये ती गोठ्यापर्यंत पोचली असावी, असा माझा अंदाज. पेपरात हा अंदाज एका वाक्यात आहे, कारण परीक्षकाने तीन वाक्यांचं एक करायला लावलं.

नर आणि मादी एकाच प्रजातीचे, हे डीएनएवरून दाखवायचं होतं. यासाठी सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात. खाजगी प्रयोगशाळेत बारा नमुने पाठवले, १७,००० रुपये गेले, सिक्वेन्स, म्हणजे वाचून झालेले तुकडे, मिळाले पाच. २०२१चे नमुने मी ७० टक्के अल्कोहोलमध्ये, खोलीच्या तापमानाला ठेवले होते. त्यातले जवळजवळ सगळे वाया. पहिल्या रात्रीपासून निम्मे नमुने ९५ टक्क्यांच्या वर आणि फ्रीझरमध्ये ठेवा. शुद्ध अल्कोहोल दुकानातून असंच मिळत नाही, उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. तो बहुतेक विज्ञान महाविद्यालयांकडे असतो. आमच्याकडे वर्षाचा कोटा मार्चमध्ये संपलेला असायचा आणि रजिस्टरमध्ये मिलिलिटरचा हिशेब. प्रयोगशाळेला एक गोष्ट आवर्जून सांगा: नमुना वाटू नका. फक्त आतलं मांस विरघळवून डीएनए काढता येतो, वरचं कवच परत मिळतं आणि त्याचीच स्लाइड करता येते. नाहीतर तुमचा एकुलता एक नर नळीत विरघळून जाईल. पाचांत एक नर होता. माद्यांशी त्याचा फरक नगण्य. सिक्वेन्स जेनबँकेत, म्हणजे डीएनए सिक्वेन्सच्या खुल्या साठ्यात, टाकले, काही दिवसांत क्रमांक आले, पैसे लागले नाहीत.

नावाबद्दल. आत्याचं नाव द्यायचं माझ्या डोक्यात होतं. बाईच्या नावावरून ठेवायचं तर शेवटी "ए" लागतो, गावावरून ठेवायचं तर "एन्सिस". विशेषण असेल तर क्युलिकॉइडिस पुल्लिंगी असल्याने त्याचं रूपही पुल्लिंगी हवं. संस्कृतच्या पेपरात लिंग-वचन चुकवणाऱ्या मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर लॅटिनचा व्याकरणतास बसला. तिला विचारलं तर म्हणाली, "माझा नाव घेवन जगभर चावत फिरतला? नको गो बाय." दुसरं नाव शोधलं.

फेब्रुवारी २०२४मध्ये पेपर एका नियतकालिकाला पाठवला. नऊ दिवसांत परत आला: "विषय प्रादेशिक स्वरूपाचा." परीक्षकांपर्यंत गेलाच नाही. त्या दिवशी मी जेवले नाही, खोटं कशाला सांगू. मार्चमध्ये दुसरीकडे पाठवला. पाठवताना एवढंच बघितलं की ते वर्गीकरणाचंच नियतकालिक आहे ना, आणि छापायचे पैसे मागत नाही ना. पैसे भरून आठ दिवसांत छापून देणाऱ्यांच्या मेल याच काळात रोज यायच्या. नवी प्रजाती तिथे छापली तर ती कायमची संशयाच्या भोवऱ्यात.

मग सात महिने काहीच नाही.

९ ऑक्टोबर २०२४ला दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. पहिल्याचे चार मुद्दे. दुसऱ्याचे एकेचाळीस. सतरावा मुद्दा असा: पंखाची लांबी मजकुरात ०.९८ मि.मी. आहे, पण आकृतीतल्या मोजपट्टीने मोजली तर ०.९० येते, कुठलं खरं? मी चिडून मोजायला बसले आणि थंड पडले. २०२२मध्ये मायक्रोस्कोपची एक आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, बदलली होती आणि मी मोजमापं जुन्याच कॅलिब्रेशनने, म्हणजे जुन्या भिंगाच्या हिशेबाने, चालू ठेवली होती. म्हणजे सगळे मिलिमीटर आठ टक्क्यांनी चुकलेले. अकरा मुरकुटं, प्रत्येकाची तेवीस मापं. दिवाळीची सुट्टी त्यात गेली. त्यातल्या त्यात नशीब असं की मुरकुटांच्या वर्णनात महत्त्वाची असतात ती गुणोत्तरं, अँटेनाची, पाल्पची, पंखाच्या कडेच्या शिरेची. वरची आणि खालची दोन्ही मापं सारखीच चुकली असल्याने गुणोत्तरं जशीच्या तशी राहिली. आयपीसला हात लावला की मायक्रोमीटर, म्हणजे मोजायची पट्टी, पुन्हा जुळवून घ्यायचा, हे मी आता विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला सांगते आणि का सांगते ते सांगत नाही.

त्या परीक्षकाचा आणखी एक मुद्दा: होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा आधार असलेला एकच मुख्य नमुना, कुठे ठेवला, क्रमांक द्या. हे मी आधीच करायला हवं होतं. जैवविविधता कायदा २००२च्या कलम ३९प्रमाणे नवी प्रजाती सापडली की सरकारने नेमलेल्या संग्रहाला कळवून तिथे नमुना जमा करावा लागतो, आणि प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे होलोटाइप कुठल्या संग्रहात आहे ते वर्णनात लिहावंच लागतं. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. आधी फोन केला, कुठली कागदपत्रं ते विचारून घेतलं: कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र, नमुन्यांची यादी, गोळा केल्याची जागा, अक्षांश-रेखांश, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. लेटरहेडसाठी पुन्हा मॅडम.

डिसेंबरमध्ये रात्रीच्या बसने गेले. होलोटाइपच्या लेबलला लाल रंग द्यायची पद्धत आहे, तशी लाल पट्टी चिकटवली होती. लाकडी पेटीत आठ स्लाइड, पेटी स्वेटरमध्ये, स्वेटर मांडीवर आडवा. घाटात वळणं सुरू झाली तसं शेजारच्या काकूंनी विचारलं, देव आहे का आत? हो म्हटलं, जास्त समजावत बसायची ताकद नव्हती. सकाळी आकुर्डीला पेटी उघडली, आठही स्लाइड शाबूत. क्रमांक पुढे मेलने आला, तो पेपरात घातला.

जानेवारी २०२५मध्ये सुधारित पेपर गेला, एकेचाळीस मुद्द्यांच्या एकेचाळीस उत्तरांसह. सतराव्याच्या उत्तरात चूक मान्य करून आभार मानले. परदेशातल्या एका टाइपशी तुलनाही दुसऱ्या परीक्षकाने मागितली होती; नमुने देशाबाहेर पाठवायचे तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी बघावी लागते, म्हणून उलट त्या संग्रहालयालाच फोटो मागितले. त्यांनी चार दिवसांत पाठवले, फुकट. मे महिन्यात स्वीकृती आली. मग झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी. केवळ इंटरनेटवर निघणाऱ्या नियतकालिकांसाठी ती २०१२पासून सक्तीची आहे, आणि नोंदणीचा क्रमांक पेपरात छापलेला असावा लागतो. अर्ध्या तासाचं काम, पण कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

सगळा खर्च, प्रवास धरून, पन्नास हजारांच्या थोडा आत. पहिल्या तीन वर्षांत तो पगारातून गेला. शेवटच्या वर्षी कॉलेजने नऊ हजार दिले, त्याची बिलं अजून मंजुरीत आहेत.

काल मायक्रोस्कोप परत केला. क्लार्कने डेड स्टॉक रजिस्टर काढलं, २०२१चं पान शोधलं आणि एकेक वस्तू मोजून घेतली. आयपीस दोन, बल्ब एक, वायर एक. मॅडम शेजारी सही करायला उभ्या. "कव्हर?" त्याने विचारलं. कव्हर काळ्या कापडाचं होतं. ते दोन वर्षांपूर्वी कापून मी केळीच्या बरण्यांना गुंडाळलं होतं आणि चतुर्थीनंतरच्या आवराआवरीत गड्ड्यांबरोबर ते उकिरड्यावर गेलं. तसं त्याला सांगितलं नाही. हरवलं म्हटलं. त्याने शेरा लिहिला, एकशे वीस रुपयांची पावती फाडली आणि मॅडमच्या नावावर जमा केली.